फ्लाइटगिअरची सीनरी करताय? या चुका टाळा, आणि आधी खोका ठेवा

फ्लाइटगिअर या फुकटच्या विमान सिम्युलेटरसाठी सीनरी, म्हणजे त्यातली जमीन नि इमारती, करायला बसलेला नवा माणूस पहिलं काय करतो, तर ब्लेंडर हे थ्रीडी मॉडेलचं सॉफ्टवेअर उघडतो. सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. मॉडेल हा या कामातला शेवटचा भाग आहे, आणि खरं सांगायचं तर सोपाही, पण असं म्हटलं की पोरांना वाटतं काका उगाच खुसपट काढतायत. त्यात डिसेंबर २०२५ मध्ये नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला, तेव्हापासून ठाण्यापासून पनवेलपर्यंत ज्याच्याकडे जरा बरा लॅपटॉप आहे तो हाच विमानतळ करायला घेतो, आणि चुका सगळ्यांच्या त्याच त्या.

खारघरचा एक इंजिनिअरिंगचा मुलगा असाच ट्रान्स हार्बर लोकल पकडून लॅपटॉपसकट ठाण्याला माझ्याकडे आला. टर्मिनल काय केलं होतं, कमळाच्या पाकळ्या, काचा, आतल्या खुर्च्यासुद्धा! फक्त सिम्युलेटरमध्ये काहीच दिसत नव्हतं. ड्रायव्हर बदलून झाला, अख्खं फ्लाइटगिअर उडवून परत टाकून झालं, तरी तिथे नुसती हिरवी जमीन. फोल्डर उघडून बघितलं तर पठ्ठ्याने सगळं ई०७२एन१९ मध्ये टाकलेलं. का, तर म्हणे मुंबईचं सगळं तिथेच असतं ना काका.

हो, मुंबईचं बरंचसं तिथेच असतं, ठाण्याचंही. पण फ्लाइटगिअर जगाचे आधी दहा-दहा अंशांचे आणि त्यांच्या आत एकेका अंशाचे फोल्डर करतं, नाव नैऋत्य कोपऱ्यावरून, आणि आपली गंमत अशी की ७३ पूर्व रेखांश वाशीला लागून जातो आणि १९ उत्तर अक्षांश सीवूड्स-बेलापूरच्या खालून खाडीतून. म्हणजे चार फोल्डरांचे कोपरे आपल्याच खाडीत येऊन मिळतात. या मुलाचं खारघरचं घर ई०७३एन१९ मध्ये आणि विमानतळ, जो १९ अंशांच्या जरासा खाली आहे, तो ई०७३एन१८ मध्ये. त्या फोल्डरातही आपल्या अक्षांशावर एक अष्टमांश अंशाच्या ६४ टाइल्स, प्रत्येकीची नंबरवाली वेगळी एसटीजी फाइल, म्हणजे कुठली वस्तू कुठे ठेवायची त्याची यादी. वस्तूचा मूळबिंदू ज्या टाइलमध्ये पडतो त्याच फाइलमध्ये तिची ओळ गेली पाहिजे. नंबर अंदाजाने टाकू नका, शेजारच्या फाइलचं नाव कॉपी करून तर अजिबातच नको. यूएफओ, म्हणजे फ्लाइटगिअरमधली उडती तबकडी, घेऊन त्या जागेवर जा, तिथे एखादी वस्तू ठेवा आणि ते जे आकडे देतं ते घ्या.

माझी सवय एकच. कुठलीही नवी जागा घेतली की पहिल्यांदा मॉडेल्स फोल्डरातलं तयार काहीतरी, विंडसॉक म्हणा नाहीतर साधा खोका, तिथे ठेवायचा. तो दिसला, बरोबर जागी दिसला, जमिनीला टेकलेला दिसला, की मग ब्लेंडर. तोपर्यंत नाही. हे ऐकून मुलं तोंड वाकडं करतात कारण खोक्याचा स्क्रीनशॉट कुणाला पाठवता येत नाही.

बरं, फोल्डर बदलल्यावर टर्मिनल दिसलं का? अर्धं. उरलेलं जमिनीत. याने उंची आजच्या नकाशावरून घेतलेली, आणि फ्लाइटगिअरची जमीन येते एसआरटीएमच्या डेटावरून, जो एंडेव्हर यानाने फेब्रुवारी २००० मध्ये अवकाशातून रडारने मोजला. तेव्हा उलव्याची टेकडी जागेवर होती, साधारण ९० मीटर! विमानतळासाठी ती फोडली, उलवे नदी वळवली, पण डेटाला त्याचा पत्ताच नाही. शिवाय ते रडार झाडांचे नि इमारतींचे माथेही जमीन म्हणूनच मोजतं, त्यामुळे शहरात दोन-पाच मीटर इकडेतिकडे होतातच.

यावर या मुलाचा उपाय काय, तर एसटीजीमधली उंची वाढवत न्यायची, टर्मिनल वर येईपर्यंत. आलं की वर. एक बाजू जमिनीवर, दुसरी हवेत. याला मी दुरुस्ती म्हणत नाही. मग कुणीतरी सांगितलं म्हणून टेरागिअर, म्हणजे जमीन नव्याने बांधायची साधनं, चालवलं, तर त्यातल्या विमानतळ बांधणाऱ्या जेनॅप्ट्सने इमानदारीत त्या जुन्या उंचीवरून गुळगुळीत पृष्ठभाग काढला आणि धावपट्टीला कुबड आलं, आणि जुनी नदी विमानतळाच्या हद्दीपाशी येऊन नळ कापल्यासारखी थांबली. कारण हद्दीच्या आत विमानतळाचा पॉलिगॉन, म्हणजे हद्दीचा आखलेला आकार, बाकी सगळ्यावर मात करतो.

खरा उपाय कंटाळवाणा आहे. क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये उंचीचा रास्टर, म्हणजे चौकटीगणिक उंची भरलेली फाइल, उघडा, विमानतळाभोवती पॉलिगॉन काढा, आतली उंची आजच्या पातळीला आणा, नदीची रेघ नव्या मार्गाने वळवा, आणि मगच टेरागिअरच्या जीडीएएलचॉप, टेराफिट, जेनॅप्ट्स, टीजी-कन्स्ट्रक्ट या क्रमाने जा. शेजारच्या टाइल्सही सोबत बांधा, नाहीतर कडेला फट पडते आणि तिच्यातून आरपार दिसतं. यात वेळ जातो. ज्याला रविवारी दुपारी बसून संध्याकाळी उडायचंय त्याने दुसऱ्याची सीनरी डाउनलोड करावी, त्यात कमीपणा काही नाही.

बाकीच्या चुका भराभर सांगतो.

नकाशावरून कॉपी केलं की आधी अक्षांश येतो, एसटीजीमध्ये मात्र आधी रेखांश. उलटं टाकलंत तर ठाण्याची इमारत नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात उभी राहते. उंची मीटरमध्ये लिहायची, पण विमानतळाच्या एपीटी डॅट फाइलमध्ये तीच फुटांत असते.

एसटीजीमधला कोन घड्याळाच्या उलट्या दिशेने वाढतो. सरळ उत्तर-दक्षिण खोक्यात हे कळतच नाही, म्हणून खोका जरा तिरका ठेवूनच बघा. नव्या विमानतळाची धावपट्टी ०८/२६ आहे, म्हणजे होकायंत्राचा कोन तसाच टाकला तर तिला समांतर ठेवलेलं काहीही उलट्या बाजूला कललेलं दिसतं आणि लोक मॉडेललाच दोष देत बसतात.

स्वतःच्या फाइल्स टेरासिंकच्या, म्हणजे फ्लाइटगिअर आपोआप सीनरी उतरवतं त्या, फोल्डरात ठेवू नका. पुढच्या सिंकला उडाल्या तर माझ्याकडे रडायला यायचं नाही. वेगळा फोल्डर करा, लाँचरमध्ये ॲड-ऑन्सखाली जोडा, आणि जोडताना ऑब्जेक्ट्सचा फोल्डर नाही तर त्याच्या वरचा द्या.

फाइलच्या नावात स्पेस नको, एसटीजीची ओळ स्पेसवरच तुटते. कॅपिटल-स्मॉल अक्षरं तंतोतंत जुळवा, कारण विंडोजवर चाललेलं टेक्स्चर, म्हणजे मॉडेलवर चिकटवलेलं चित्र, लिनक्सवर सापडत नाही. टेक्स्चरची मापं दोनाच्या घातातली ठेवा, ५१२, १०२४. आणि त्या खुर्च्या काढा हो, दहा किलोमीटरवरून त्या कुणाला दिसणार आहेत, फ्रेमरेट तेवढा बसतो. ठेवायच्याच असतील तर रेंज ॲनिमेशन लावा, म्हणजे जवळ गेल्यावरच दिसतील.

गूगलच्या सॅटेलाइट फोटोवरून छपराची टेक्स्चर्स कापणं बंद करा. फ्लाइटगिअरचा सामाईक डेटाबेस जीपीएल या मुक्त परवान्याचा आहे, त्यात असलं काही चालत नाही. सुट्टीच्या दिवशी कॅमेरा घेऊन बाहेर पडा, आपल्या गावातली इमारत आहे, स्वतः फोटो काढा.

आणि एवढं सगळं करूनही काही दिसलं नाही तर मला मेसेज करायच्या आधी एफजीएफएस लॉग, म्हणजे फ्लाइटगिअरची नोंदींची फाइल, उघडा. कुठली फाइल सापडली नाही ते बहुतेक वेळा तिथे नावासकट लिहिलेलं असतं.