आयर्लंडमधला पहिला ईस्टर : नव्याने आलेल्यांसाठी

आयर्लंडमध्ये गुड फ्रायडे ही सार्वजनिक सुट्टी नाही. भारतात ती असते, उत्तर आयर्लंडमध्येही असते. इथे बँका आणि शाळा त्या दिवशी बंद दिसतात, म्हणून दरवर्षी आपल्यातलं कोणी ना कोणी न विचारता घरी बसतं. एका नवीन मुलाचा प्रोबेशनमधला दिवस असाच बिनपगारी गेला, आणि मॅनेजरच्या मनात बसलेली अढी काही केल्या निघेना. बऱ्याच कंपन्या आपणहून सुट्टी देतात. तुमची देते का, हे आधीच लेखी विचारून घ्या. हक्काची सुट्टी ईस्टरच्या सोमवारची. पुन्हा सांगतो, सोमवार हक्काचा, शुक्रवार विचारून.

ईस्टरच्या ४६ दिवस आधी ॲश वेन्सडेला ऑफिसात काहींच्या कपाळावर राखेचा क्रॉस दिसेल. "काहीतरी लागलंय" म्हणून पुसायला सांगू नका. त्या दिवसापासून लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा व्रताचा काळ सुरू. चॉकलेट, बिस्किटं, दारू असं काहीतरी माणसं सोडतात. चातुर्मासात आपल्या आज्या वांगी सोडायच्या, तसंच. एकदा नाही म्हटल्यावर केकचा आग्रह नको.

लेंटमध्ये मूल शाळेतून ट्रोकरे या कॅथलिक चर्चच्या मदत संस्थेचा पुठ्ठ्याचा डबा आणेल. त्यात साठलेले पैसे गरीब देशांतल्या मदतीसाठी जातात. आपल्या काही पालकांना लगेच धर्मांतराची शंका येते, ती मला पटत नाही. मनात असेल तर दोन युरो टाका.

गुड फ्रायडेला पब बंद ठेवण्याचा १९२७ चा नियम २०१८ मध्ये उठला. त्या दिवशी मटण टाळून मासे मात्र अजून घरोघरी होतात.

इथला ईस्टर फक्त चर्चचा नाही, हे आपल्या लोकांना फार उशिरा कळतं. ब्रिटिशांविरुद्धचा उठाव २४ एप्रिल १९१६ ला, ईस्टरच्या सोमवारी झाला. पुढे त्यातल्या १४ जणांना एकट्या किल्मेनहॅम तुरुंगात गोळ्या घातल्या. आजही ईस्टरच्या रविवारी डब्लिनच्या जीपीओसमोर (मुख्य पोस्ट ऑफिस, उठावाचं ठाणं) सैन्यातला अधिकारी स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचतो. मुलांना घेऊन जाच. कोटावर लावायचं कागदी ईस्टर लिलीचं फूल त्याच हुतात्म्यांच्या आठवणीचं आहे, पण ते विकणाऱ्या संघटना राजकीयही असतात. कोणाला पैसे देतोय ते बघा, आणि ते लावून उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे यूकेत असलेल्या बेलफास्टच्या ऑफिसात जाऊ नका.

शेजाऱ्यांनी रविवारी जेवायला बोलावलं तर जा. लाँग वीकेंड आला की आपण आपल्याच घोळक्यात पत्ते कुटत बसतो आणि पाच वर्षांनी म्हणतो, आयरिश लोक मिसळत नाहीत. टेबलावर बहुधा कोकराचं मटण असतं. शाकाहारी असाल तर आमंत्रण स्वीकारतानाच सांगा, त्यांना राग येत नाही. त्यांच्या मुलांसाठी चॉकलेटची अंडी न्या. अंडं न खाणाऱ्यांनी स्वतः खाताना वेष्टन वाचावं, क्रीम एगमध्ये खरंच अंड्याचा पांढरा बलक असतो.

सोमवारी डब्लिनमधल्या बस रविवारच्या वेळापत्रकाने धावतात.