शेवटचा भाग जोखायचा कसा? विज्ञानकथा-अ‍ॅनिमे बघणाऱ्यांसाठी

(पुढे दोन मालिकांचे शेवट उघड केले आहेत.)

रात्री अ‍ॅनिमे म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशनची मालिका संपवून मंडळी सराफ्यात, इंदूरच्या रात्रीच्या खाऊगल्लीत, भुट्ट्याच्या किसापाशी जमली की पाच मिनिटांत दोन तट पडतात. एक म्हणतो ‘डोकं सुन्न झालं’, दुसरा म्हणतो ‘शेंडी लावली’. इंदुरात या वादाला रात्र पुरत नाही. म्हणून वहीचं काम आधीच उरकलेलं बरं.

शेवटून दुसरा भाग झाला की थांबा आणि वहीत दोन रकाने आखा. डावीकडे न सुटलेले प्रश्न लिहा. पाच-सहा पुरे, त्याहून जास्त झाले तर निम्मे आपल्याच कुतूहलाचे असतात, मालिकेने ते कधी कबूलच केलेले नसतात. उजवीकडे मालिकेने स्वतः घातलेले नियम लिहा: यंत्र काय करू शकतं, काय नाही, आणि त्याची किंमत कोण मोजतं. विज्ञानकथेत उजवा रकाना जड. एखादा प्रश्न लोंबकळत राहिला तर चालतं, पण शेवटच्या दहा मिनिटांत नियमच गुपचूप बदलला तर गुण कापा.

आता भाग सलग बघा, फक्त मुख्य झटापट कितव्या मिनिटाला संपली तेवढं टिपा. भाग साधारण 24 मिनिटांचा, त्यात सुरुवातीचं आणि शेवटचं गाणं दीड-दीड मिनिटाचं. झटापट विसाव्या मिनिटापर्यंत ताणली असेल तर निरोपाला जागाच उरत नाही. भागांची संख्या बहुधा आधीच ठरलेली असते, त्यामुळे मधे रेंगाळलेली मालिका शेवटी अशी धापा टाकते.

लगेच पहिला भाग पुन्हा लावा. ही पायरी बहुतेकजण गाळतात आणि तिथेच फसतात. ‘स्टाइन्स गेट’ (2011, 24 भाग) घ्या. पहिल्या भागात नायक ओकाबेला नाणं टाकून फिरवायच्या मशीनमधून ऊपा नावाच्या पात्राचं धातूचं खेळणं मिळतं, त्याची मैत्रीण मायुरी ते हरवते. किरकोळ प्रसंग वाटतो. पुढे कळतं की ते काळप्रवासाच्या यंत्रावरच्या संशोधनाच्या कागदांच्या लिफाफ्यात गेलं, विमानतळावर धातुशोधक वाजला, लिफाफा सामानाच्या कप्प्याऐवजी हातात राहिला आणि विमानातल्या आगीतून कागद वाचले. शेवटच्या भागात ओकाबे काळात मागे जाऊन, भूतकाळातल्या स्वतःच्या आधी खेळण्याचं मशीन गाठून ते खेळणं काढून घेतो, आणि कागद जळतात. नवा नियम एकही आणलेला नाही. पैकीच्या पैकी.

चित्रं स्थिर दिसली की ‘पैसे संपले’ असा शेरा मारू नका. सेकंदाला 24 फ्रेम असल्या तरी अ‍ॅनिमेत एकच चित्र दोन-तीन फ्रेम धरून ठेवण्याची रीत जुनीच. चित्र थांबलं तेव्हा कथा कुठे होती ते बघा. ‘इव्हँगेलियन’चा सव्विसावा भाग (27 मार्च 1996) स्थिर चित्रं, पडद्यावरचे शब्द आणि कच्च्या रेखाटनांवर चालतो. सगळं नायक शिंजीच्या मनात घडतं, त्यामुळे तो ढंग शोभतो. बाहेरच्या जगाचं काय झालं, हे डाव्या रकान्यातले प्रश्न मात्र जवळपास अनुत्तरितच राहतात. 1997 च्या ‘द एंड ऑफ इव्हँगेलियन’ चित्रपटाने त्यांची उत्तरं दिली, पण त्याचे गुण या भागाच्या पदरात टाकू नका.

एखादं वाक्य खटकलं तर दुसरी सबटायटल्स लावून बघा. जपानीत ‘मी’साठी ‘बोकू’, ‘ओरे’ असे वेगवेगळे शब्द आहेत. पात्राने शेवटी तो बदलला तर हिंदी डबमध्ये पत्ताही लागत नाही.

दहापैकी गुण प्रत्येकाने चिठ्ठीवर लिहायचे, आणि सकाळी पोह्यांच्या वेळी पुन्हा एकदा. रात्रीचे 9 सकाळी 7 वर आले तर ते दोन गुण बहुधा संगीताचे असतात. शेवटचा प्रसंग आवाज बंद करून बघा, लगेच कळेल.