ओल पॅनेलमागे लपते: अंतराळयानातील सूक्ष्मजीव आणि टाळण्याजोग्या चुका

उड्डाणापूर्वी यान निर्जंतुक केले म्हणजे ते तसेच राहील, हा पहिला गैरसमज आहे. सूक्ष्मजीवांचा सर्वांत मोठा साठा अंतराळवीरांच्या त्वचेवर, तोंडात आणि आतड्यांत असतो व तो त्यांच्यासोबतच यानात शिरतो. 1968 च्या अपोलो 7 मोहिमेत यानात सर्दी पसरली. वजनरहित अवस्थेत नाकातील स्राव खाली उतरत नसल्याने साधी सर्दीही असह्य झाली आणि परतीच्या वेळी हेल्मेट घालण्यास अंतराळवीरांनी नकार दिला. अपोलो 14 पासून उड्डाणापूर्वीचे विलगीकरण काटेकोर झाले. 2025 मध्ये उड्डाण वारंवार लांबल्यामुळे शुभांशू शुक्ला यांना सुमारे महिनाभर विलगीकरणात राहावे लागले, तेही याच शिस्तीमुळे. मात्र विलगीकरणाने संसर्गजन्य आजार अडतो. शरीरावर नेहमीच वास करणारे जिवाणू त्याने अडत नाहीत.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे जे डोळ्यांसमोर आहे तेवढेच पुसणे. पृथ्वीवर उबदार हवा वर जाते, तिची जागा थंड हवा घेते आणि ओल हळूहळू सुकते. कक्षेत हे अभिसरण आपोआप होत नाही. पंख्यांची हवा जिथे पोहोचत नाही, तिथे उच्छ्वासातील व घामातील बाष्प थंड पृष्ठभागावर साचून राहते. रशियाच्या मीर स्थानकावर 1990 च्या दशकाच्या अखेरीस पॅनेल उघडले असता मागे गढूळ पाण्याचे तरंगते गोळे सापडले. त्यांपैकी एक जवळजवळ बास्केटबॉलएवढा होता, आणि नमुन्यांत जिवाणू, बुरशी, आदिजीव, इतकेच नव्हे तर धुळीत राहणारे सूक्ष्म कोळीवर्गीय जीवही आढळले. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरही व्यायामाचे घामट कपडे वाळत घातल्या जाणाऱ्या पॅनेलवर बुरशी उगवली होती. पावसाळ्यात बंद कपाटाचे काय होते, हे ज्याने पाहिले आहे त्याला याचे आश्चर्य वाटणार नाही. म्हणून कुबट वास आला किंवा ठिपके दिसले, तर केवळ जंतुनाशक फडक्याने पुसून थांबू नये. आधी हवेचा मार्ग सामानाने अडला आहे का, जाळीवर धूळ साचली आहे का आणि पाणी कोठून येते, हे शोधावे, कारण ओल तशीच राहिली तर बुरशी पुन्हा उगवते.

पाण्याच्या यंत्रणेत वेगळा घोळ होतो. स्थानकावर मूत्र आणि हवेतील बाष्प शुद्ध करून त्याचेच पिण्याचे पाणी बनवले जाते. पिण्याचे पाणी तपासणीत चांगले आले म्हणून संपूर्ण यंत्रणा निर्धोक समजू नये, कारण जिवाणू नळ्यांच्या आतल्या भिंतीवर चिकट थर, म्हणजे बायोफिल्म, तयार करतात. या थराच्या आत जंतुनाशक नीट पोहोचत नाही आणि सुटलेले तुकडे झडपा चोंदवतात. प्रवाह मंदावणे ही त्यामुळे यांत्रिक बिघाडाइतकीच जीवशास्त्रीय खूण मानावी.

एखादा जंतू पृथ्वीवर जसा वागतो तसाच अंतराळातही वागेल, असे गृहीत धरणेही चुकीचे आहे. 2006 मध्ये अटलांटिस यानातून नेलेला साल्मोनेला, म्हणजे अन्नविषबाधा घडवणारा जिवाणू, परतल्यावर उंदरांना देण्यात आला, तेव्हा तो पृथ्वीवर वाढवलेल्या तुलनेच्या साल्मोनेलापेक्षा अधिक घातक ठरला. दुसऱ्या बाजूला, अंतराळवीरांची प्रतिकारशक्ती तणावाने व वजनरहित अवस्थेने मंदावते. शरीरात सुप्त पडून असलेले नागीण गटातील विषाणू मोहिमेदरम्यान पुन्हा सक्रिय झाल्याचे लाळेच्या नमुन्यांतून दिसले आहे. त्यामुळे पुरळ उठल्यावर दोष फक्त भिंतीवरील जंतूंना देऊ नये. 1970 मध्ये अपोलो 13 च्या फ्रेड हेस यांना झालेल्या मूत्रमार्गाच्या संसर्गामागे पाण्याची काटकसर आणि थंडीने थकलेले शरीर हेही होतेच.

मग सगळेच जंतू मारून टाकावेत का? माझ्या मते हीच सर्वांत मोहात पाडणारी चूक आहे. 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्थानकावरील 803 पृष्ठभागांचे नमुने तपासले गेले. तेथील सूक्ष्मजीव मुख्यतः मानवी त्वचेचे निघाले, माती व पाण्यातील विविधता जवळपास नव्हती आणि स्वच्छतेच्या रसायनांचे अंश सर्वत्र पसरलेले होते. संशोधकांनी अधिक निर्जंतुकीकरणाऐवजी विविधता वाढवण्याचा विचार सुचवला. आयआयटी मद्रास आणि नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीच्या संशोधकांनी स्थानकावरील एंटेरोबॅक्टर बुगांडेन्सिस या जिवाणूच्या 13 प्रकारांचा अभ्यास केला असता ते अनेक औषधांना दाद न देणारे आढळले. अशा जंतूंवर वरचेवर तेच जंतुनाशक मारत राहण्यापेक्षा नमुने नियमित घेणे आणि कोणता जंतू कोठे वाढतो आहे याची नोंद ठेवणे अधिक उपयोगी आहे.