इंग्रजी बोलताना आवाज कुठं चढवायचा, कुठं उतरवायचा

लातूर, नांदेड, परभणीकडून पुण्यात इंटरव्ह्यूला येणारी मुलं भेटली की पहिला प्रश्न ॲक्सेंटचा असतो. मी मूळचा उदगीरकडचा. बरीच वर्षं टेक्निकल सपोर्टच्या फोनवर काढली, आता नव्या मुलांचे कॉल ऐकून त्यांना सुधारणा सांगणं हेच माझं काम. माझं उत्तर ठरलेलं आहे: ॲक्सेंटच्या मागं लागू नका. एखादा उच्चार मराठी वळणाचा निघाला तरी समोरच्याला कळतं. पण वाक्य संपताना आपण हेल काढला आणि आवाज वरच राहिला, तर तो पुढचं ऐकायला थांबून राहतो किंवा तुम्हालाच खात्री नाही असं समजतो. लातूर पॅटर्ननं आपल्याला पेपर लिहायला शिकवलं. बोलण्याची तयारी मात्र ज्याची त्यालाच करावी लागते.

मराठीत बरंच काम 'च', 'का', 'ना' हे छोटे शब्द करतात. "मीच अर्ज केला" हे सपाट आवाजात म्हटलं तरी जोर कळतो. इंग्रजीत तेच काम आवाजाला करावं लागतं. "आय अप्लाइड फॉर नांदेड" या वाक्यात 'मीच' म्हणायचं असेल तर आवाज 'आय'वर उचला आणि पुढचं सगळं खाली ठेवा. 'नांदेडसाठीच' म्हणायचं असेल तर उचल नांदेडवर. शब्द एकही बदलत नाही.

साधं विधान घ्या: "माय फादर इज अ फार्मर." शेवटच्या महत्त्वाच्या शब्दावर आवाज उतरतो, म्हणजे 'फार'वर उंच आणि 'मर'वर खाली. इथं एक गोष्ट नीट लक्षात घ्या. उतरवायचा तो सूर, जोर नाही. 'खाली आण' म्हटलं की बरेच जण शेवटचा शब्दच गिळतात आणि फोनवर 'फार्मर' ऐकूच जात नाही.

यादीत उलटं. "आय स्टडीड इन उदगीर, लातूर अँड नांदेड." उदगीरवर थोडा वर, लातूरवर वर, नांदेडवर खाली. नांदेडही वरच राहिलं तर ऐकणारा चौथ्या गावाची वाट बघतो. सप्ताहातला कीर्तनकार चरण अर्ध्यावर, वरच्या सुरात सोडतो आणि अख्खा मांडव ते पूर्ण करतो, तसंच हे. मोबाइल नंबर सांगतानाही आकड्यांचे गट पाडा. आधीचे गट वर, शेवटचा खाली.

प्रश्नांचं थोडक्यात सांगतो. हो-नाही उत्तराचा प्रश्न सहसा चढतो: "इज द ऑफिस इन हिंजवडी?" व्हॉट, व्हेअर, व्हेन असले प्रश्न सहसा उतरतात: "व्हेन कॅन आय जॉइन?" प्रश्न आहे म्हणून तो वर नेलाच पाहिजे असं नाही. "यू आर फ्रॉम बीड, आरन्ट यू?" यात शेवट खाली आला तर मला माहीत आहे, फक्त दुजोरा हवा, वर गेला तर खरंच विचारतोय. "तू बीडचा ना?" आपणही दोन्ही प्रकारे म्हणतोच. 'सॉरी' खाली म्हणजे माफ करा, वर म्हणजे पुन्हा सांगता का. कॉलवर हा फरक फार महाग पडतो.

सरावाला रोज एकच वाक्य घ्या. आधी शब्द सोडून नुसतं गुणगुणा, मग शब्द घाला, मग मोबाइलवर रेकॉर्ड करून मूळ आवाजाशेजारी ऐका. ऐकायला बीबीसी लर्निंग इंग्लिश फुकट आहे. घरी किंवा कॉलेजात कॉम्प्युटर असेल तर प्राट नावाचं मोफत सॉफ्टवेअर घ्या. स्पेलिंग पी, आर, डबल ए, टी. ते ॲमस्टरडॅम विद्यापीठातल्या पॉल बूर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांनी तयार केलंय. रेकॉर्डिंग उघडलं की तुमच्या सुराची रेघ पडद्यावर दिसते. कान फसतो, रेघ बहुधा फसवत नाही. फक्त पंखा बंद करून रेकॉर्ड करा. एकाच धाटणीचे बोलणारे ऐका, कारण ऑस्ट्रेलियात आणि अनेक तरुण अमेरिकनांत साधं विधानही चढवून बोलतात. सुरुवातीला ते ऐकून गोंधळ होतो.

आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेला बसणाऱ्यांसाठी: स्पीकिंगची परीक्षा 11 ते 14 मिनिटांची असते आणि चार निकषांपैकी एक उच्चारांचा. सूर त्यातच धरतात.

आणि नाव. मराठी आडनाव समोरचा कदाचित पहिल्यांदाच ऐकत असतो, आणि आपण नेमकं तेच घाईत उरकतो. "माय नेम इज" भरभर म्हणा, क्षणभर थांबा, पहिलं नाव सावकाश, आडनावावर आवाज खाली आणा. त्यानं ते नाव उच्चारून दाखवल्यावरच गावाचं सांगा.