शुगर आहे, गुडघे कुरकुरतात, तरी व्यायाम कसा बसवायचा

माझं वय ६९, शुगर चौदा वर्षांपासून, बीपीची गोळी चालू, आणि उजवा गुडघा जिना बघूनच कुरकुरायला लागतो, म्हणजे हे कोणी फिटनेसवाली लिहीत नाहीये, निवांत वाचा.

पहिलं काम, डॉक्टरांकडे गोळ्यांची चिठ्ठी घेऊन जा आणि सरळ विचारा की यातलं काय शुगर एकदम खाली आणू शकतं. इन्सुलिन आणणारच, ग्लिमेपिराइड असलेल्या गोळ्याही आणतात, नुसत्या मेटफॉर्मिनवर सहसा तसं होत नाही. मला कोणी सांगितलं नव्हतं. पहाटे उपाशीपोटी फिरायला गेले, तिसऱ्या फेरीला हात थरथरायला लागले, दरदरून घाम, कशीबशी गेटपाशी वॉचमनच्या खुर्चीत बसले आणि त्यालाच विचारतेय की माझी बिल्डिंग कुठली! त्या बिचाऱ्याने स्वतःचा गोडमिट्ट चहा पाजला म्हणून निभावलं. आता तीन-चार चमचे साखरेची पुडी कायम पर्समध्ये असते. शुगर ७० च्या खाली गेली तर ती पाण्यात घालून प्यायची, १५ मिनिटांनी परत मोजायची. पेढा किंवा चॉकलेट नको, त्यातल्या स्निग्धपणामुळे साखर रक्तात उशिरा पोचते.

चालण्याचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला निदान १५० मिनिटं सांगते. आकडा ऐकून मी हातच टेकले होते, पण त्याचे तुकडे केलेले चालतात. नाश्ता, दुपारचं जेवण, रात्रीचं जेवण, प्रत्येकानंतर दहा मिनिटं, पाच दिवस, झाले की १५०! आणि जेवणानंतर जी शुगर चढते ती पण जरा कमी चढते. वेग किती, तर बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये इतपत. बीपीसाठी मेटोप्रोलॉलसारखी गोळी असेल तर नाडी फार वाढतच नाही, तेव्हा मुलाने आणून दिलेल्या घड्याळातल्या आकड्यावर जाऊ नका.

गुडघ्यांसाठी मांडीचे स्नायू बळकट हवेत. खुर्चीत बसून एक पाय सरळ करायचा, पाच अंक मोठ्याने मोजायचे, खाली, असं दहा वेळा. मोठ्याने अशासाठी की श्वास रोखला की बीपी चढतं. मग खुर्ची भिंतीला टेकवून हळूहळू उठायचं बसायचं. दूध तापेपर्यंत ओट्याला धरून टाचा वर-खाली, आणि एका पावलापुढे दुसरं पाऊल ठेवून तोल सांभाळत उभं राहायचं (यात माझं दूध दोनदा उतू गेलंय, गॅस बारीक ठेवा). थोडं दुखलं तर चालतं, पण दुसऱ्या दिवशी गुडघा सुजला तर त्या आठवड्यात निम्मंच करायचं.

पायांकडे मात्र लक्ष द्या. शुगरमुळे तळव्याची जाणीव कमी होते, बुटात खडा असला तरी कळत नाही. माझ्या करंगळीखाली एवढा मोठा फोड, मला पत्ता नाही, सुनेला मोज्याला लागलेलं रक्त दिसलं. तेव्हापासून बूट झटकूनच घालायचे आणि रात्री तळवे आरशात बघायचे.

छातीत दाबल्यासारखं झालं, जबडा किंवा डावा हात दुखायला लागला, तर तिथेच बसा आणि १०८ ला फोन लावायला सांगा, घरी जाऊन बघू असं करू नका. ताप असेल त्या दिवशी सुट्टी, आणि आठवडाभर खंड पडला तर परत निम्म्यापासून सुरुवात.

हिशोबाला मला अ‍ॅप जमत नाही, मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाच्या हिशोबाशेजारीच मिनिटं लिहिते आणि डॉक्टरांना त्याच पानाचा फोटो दाखवते. मागच्या वेळी त्यांनी दूध पण व्यायामात धरलं, म्हणाले दीडचा अर्थ दीड तास ना काकू?