आज्जीच्या ओव्या गाडीत वाजंनात, शेवटी असं जमलं

आज्जीच्या ओव्या मी जुन्या नोकियात रेकॉर्ड केल्या होत्या, सोलापूरच्या पूर्व भागातल्या आमच्या घरी, मागं पावरलूमचा खडखडाट सुरूच. ४३ फायली, सगळ्या एएमआर, म्हणजे जुन्या मोबाईलच्या रेकॉर्डिंगचा फॉरमॅट. पप्पा म्हणले गाडीत ऐकायच्यात, पेन ड्राईव्हवर टाकून दे. गाडीचा टेप एमपी३ शिवाय काय वाजवत नाही.

आधी एमपी३ करायला एक फुकट ऑनलाईन वेबसाईट धरली, तीन फायली झाल्या की पैसे मागायला लागली आणि डाउनलोडची बटणं चार, त्यातली तीन जाहिरातीची. आणि आज्जीचा आवाज कुठल्या सर्व्हरवर गेला काय माहीत, म्हणून सोडलं ते. मग व्हीएलसी प्लेअर, त्यात मीडिया मेनूत कन्व्हर्टचा ऑप्शन असतोय, एकदोन फायलींना बेस्ट, पण ४३ करताना माझं डोकं फिरलं.

शेवटी एफएफएमपेग टाकलं, आवाज-व्हिडिओच्या फायली बदलायचं सॉफ्टवेअर. फुकट आहे, बटणं नाहीत, काळ्या खिडकीत कमांड लिहायची, पण एका लूपमध्ये, म्हणजे तीच कमांड प्रत्येक फायलीवर आपोआप चालवून, अख्खा फोल्डर मिनिटात झाला. तरी गाडीत वाजंना! लॅपटॉपवर चालतंय, गाडीत एरर.

कारण असं निघालं की साधी एएमआर फाईल ८००० हर्ट्झची असते, म्हणजे सेकंदाला आवाजाचे ८००० नमुने, हाच सॅम्पल रेट, आणि एफएफएमपेग तोच रेट पुढं ठेवतंय, तसली एमपी३ बऱ्याच टेपना कळतच नाही. कमांडमध्ये सॅम्पल रेट ४४१०० दिला, मोनो म्हणजे एकच चॅनल, आणि बिटरेट (सेकंदाला किती डेटा) ६४ केबीपीएस, लगेच वाजलं. बिटरेट ३२० ठेवून बघितलं, फाईल पाचपट झाली, आवाज तोच. मूळ फायलीत नाही ते कुठनं येणार.

मूळ एएमआर डिलीट केल्या नाहीत हां. पप्पांनी अक्कलकोटला जाईपर्यंत एकच ओवी चारदा लावली.