क्लॉज कळत नसेल तर आधी वर्ब मोजा

मी खानापूर तालुक्यातली, एसएसएलसी म्हणजे दहावी मराठी मिडियममधनं केली आणि पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, बेळगावला आले ते डायरेक्ट इंग्लिश मिडियम कॉमर्सला. घरी मराठी, बसवरचे बोर्ड कन्नड, आणि वर्गात एकदम सगळं इंग्लिश. पहिले चार-पाच महिने शब्द कळायचे खरं, वाक्य कळायचं नाही, डिक्शनरी बघून एकेका शब्दाचा अर्थ वर लिहून ठेवला तरी शेवटी कुणी काय केलं तेच सापडायचं नाही. यंदा जे मराठी मिडियममधनं पीयूसीला जाणार आहेत त्यांच्यासाठी हे लिहिते, कारण मला हे फार उशिरा कळलं.

पहिली गोष्ट, क्लॉज तुम्हाला येतो. क्लॉज म्हणजे मोठ्या वाक्यातलं छोटं वाक्य, ज्याला स्वतःचा वर्ब म्हणजे क्रियापद असतं. मराठी व्याकरणात मिश्र वाक्य शिकलोय की आपण, त्यात मुख्य वाक्य एक आणि गौण वाक्य नाम, विशेषण नाहीतर क्रियाविशेषणाचं काम करणारं. नाऊन क्लॉज, अ‍ॅडजेक्टिव्ह क्लॉज, अ‍ॅडव्हर्ब क्लॉज म्हणजे तेच तीन. हे एकच आहे म्हणून शाळेत कुणी एकदा जरी बोललं असतं तर माझं वर्ष वाचलं असतं, मला अजून त्याचं वाईट वाटतं.

खरं, ही नावं पाठ करून वाक्य सुटत नाही, आधी वर्ब शोधायचा. काळ बदलला की जो वर्ब बदलतो तो फायनाइट वर्ब, आणि जेवढे फायनाइट वर्ब तेवढे क्लॉज. हे बघा: 'द फार्मर हू ग्रोज टोबॅको निअर निप्पाणी बॉट अ ट्रॅक्टर.' वर्ब दोन, ग्रोज आणि बॉट, म्हणजे क्लॉज दोन. 'हू'पासून निप्पाणीपर्यंतचा तुकडा बोटानं झाका, मागं राहिलं 'द फार्मर बॉट अ ट्रॅक्टर', हे मेन क्लॉज. मी आधी 'निप्पाणी बॉट' असं सलग वाचायचे आणि तिथंच अडकायचे. लांब वाक्यात सब्जेक्ट एकीकडं आणि त्याचा वर्ब दोन ओळी पुढं असतो, त्यामुळं झाकून बघायची सवय लावाच.

आता हेच आपल्याकडं कसं बोलतो बघा. मराठीत 'जो शेतकरी तंबाखू लावतो त्यानं ट्रॅक्टर घेतला', म्हणजे जो आणि तो अशी जोडी लागते. इंग्लिशमध्ये 'हू' एकटाच येतो, आणि तोही शेतकऱ्याच्या मागनं. म्हणून आपली पोरं 'द फार्मर हू ग्रोज टोबॅको, ही बॉट' असं लिहितात, तो 'ही' म्हणजे आपला 'त्यानं' आहे, काढून टाका. कन्नडमध्ये 'जो' न वापरताच काम होतं, 'तंबाकु बेळेयुव रैत', म्हणजे आपलं 'तंबाखू लावणारा शेतकरी'. ह्याच्या जवळचं इंग्लिश 'द फार्मर ग्रोइंग टोबॅको'. ग्रोइंग फायनाइट नाही, बॉटचं विल बाय केलं तरी ग्रोइंग तसंच राहतं, म्हणून तो मोजायचा नाही. आजूबाजूला कन्नड ऐकत वाढलेल्यांना ही रचना लवकर बसते, मला तरी बसली.

दुसरी जोडी 'जरी-तरी'. 'ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट वी वेंट' असं मी एका टेस्टमध्ये सगळीकडं लिहिलेलं आणि सगळीकडं लाल पेन. ऑल्दो नाहीतर बट, दोन्हीतलं एकच ठेवायचं, कारण दोन क्लॉज जोडायला एक शब्द पुरतो. तीन क्लॉज असले तर जोडणारे दोन. जोडणारा न घालता नुसता कॉमा टाकून दोन पूर्ण वाक्यं चिकटवली तर ती पण चूक.

'तो कुठं राहतो मला माहीत नाही' ह्यात सगळेच चुकतात. आत गेलेला प्रश्न प्रश्नासारखा राहत नाही, 'आय डोन्ट नो व्हेअर ही लिव्हज', मध्ये 'डज' घालायचा नाही.

आणि मोजताना कधी वर्ब दोन भरतील आणि जोडणारा दिसणारच नाही, जसं 'आय नो ही लिव्हज इन खानापूर'. घाबरू नका, तिथं 'दॅट' गाळलाय. 'आय नो दॅट ही लिव्हज' असं वाचून बघा, बसतंय की.